पहिलं ओव्हरक्लॉकिंग: प्रोसेसर आणि रॅमचा वेग वाढवायचा, आणि तो टिकतो का ते तपासायचं

१९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए मूळचा ३०० मेगाहर्ट्झचा. त्याचा मल्टिप्लायर (मदरबोर्डच्या मूळ ठोक्याला, म्हणजे बस क्लॉकला, ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) ४.५ वर कायमचा बांधलेला होता, पण मदरबोर्डवरचा बस क्लॉक ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की तोच प्रोसेसर ४५० वर धावायचा. म्हणजे थेट दीडपट वेग. ओव्हरक्लॉकिंगबद्दलच्या बऱ्याच अपेक्षा अजूनही त्या काळातल्या आहेत. आजचे प्रोसेसर तापमान, वीज आणि कामाचा भार बघून क्षणाक्षणाला स्वतःच आपला वेग वाढवतात, आणि कारखान्यातूनच जवळजवळ पूर्ण ताणलेले येतात. हाताने मिळवण्यासारखे उरतात ते थोडे टक्के. रॅमची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे अजून बरंच काही मोकळं पडलेलं असतं, कारण नव्या मशीनमध्ये रॅम अनेकदा तिच्या डब्यावर छापलेल्या वेगापेक्षा कितीतरी कमी वेगाने चालत असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो.

वेग वाढवणं हे बायोसमधलं (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावरचं) दोन मिनिटांचं काम आहे. तो वेग महिनोन्‌महिने एकही चूक न करता टिकेल याची खात्री करणं, हे खरं काम. म्हणून या लेखात बटणांपेक्षा तपासणीवर जास्त शब्द खर्च केले आहेत.

## तुमच्या मशीनमध्ये काय शक्य आहे

इंटेलमध्ये प्रोसेसरच्या नावात 'के' हे अक्षर असेल (१२६००के, १४७००केएफ वगैरे) तरच मल्टिप्लायर खुला असतो, आणि तो वापरायला मदरबोर्डचा चिपसेट झेड मालिकेतला लागतो: झेड६९०, झेड७९०, झेड८९०. बी६६० किंवा बी७६० बोर्डावर प्रोसेसरचा मल्टिप्लायर वाढवता येत नाही, रॅमचा वेग वाढवता येतो.

एएमडीच्या डेस्कटॉप रायझनमध्ये बहुतेक सगळे प्रोसेसर खुले आहेत. अडचण असते ती ए मालिकेच्या बोर्डांची. ए५२० किंवा ए६२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. बी आणि एक्स मालिकेवर होतो. जादा कॅशे असलेल्या एक्स३डी प्रोसेसरांकडे वेगळं बघावं लागतं. ७८००एक्स३डीचा मल्टिप्लायर बंद आहे, पण त्यावर कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज थोडं कमी करणारी सेटिंग) चालतो, आणि पहिल्या प्रयत्नाला तेवढं पुरेसं आहे.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा के प्रोसेसर असेल तर आधी बायोस अद्ययावत करा. या चिपांमध्ये जास्त व्होल्टेज मागितलं जाऊन प्रोसेसर कायमचा कमजोर होण्याची अडचण होती. इंटेलने त्यावर २०२४ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्रॅमच्या) दुरुस्त्या दिल्या. त्याआधीचा बायोस असताना ओव्हरक्लॉकिंगला हात लावू नका. रायझन ७००० मालिकेतही २०२३ साली काही एक्स३डी चिपा जळाल्या. त्यानंतर एएमडीने नव्या बायोसमधून एसओसी व्होल्टेजवर (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजवर) १.३ व्होल्टची मर्यादा घातली. त्यामुळे त्या बोर्डांनाही हाच सल्ला.

वॉरंटीबद्दल गैरसमज नको. ठरलेल्या वेगापलीकडे चालवल्याने नुकसान झालं तर कंपनी जबाबदारी घेत नाही, आणि एएमडीच्या अटींत एक्स्पो प्रोफाइल (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) व पीबीओ (प्रोसेसरला नेहमीच्या मर्यादेपलीकडे स्वतः वेग वाढवू देणारी सेटिंग) सुद्धा त्यात धरलेले आहेत.

## हात लावण्याआधी

महत्त्वाच्या फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या. हे उपचार म्हणून सांगत नाही. अस्थिर रॅम विंडोजच्या फायली आणि तुमचे फोटो चुपचाप बिघडवू शकते, आणि ते कधी झालं हे कळायला महिने जातात.

विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर किंवा दुसऱ्या उपकरणावर लिहून ठेवा. बायोस अपडेट केला किंवा बायोसची सेटिंग पुसली की पुढच्या वेळी विंडोज ती की मागू शकतं. ओव्हरक्लॉकिंगच्या मार्गदर्शनात हे क्वचितच सांगितलं जातं, आणि की नसेल तर तुमचीच डिस्क तुम्हाला उघडता येत नाही.

मदरबोर्डच्या पुस्तिकेत सीमॉस (बायोसच्या सेटिंगची साठवण) पुसायची जागा शोधून ठेवा. काही बोर्डांवर मागच्या बाजूला बटण असतं, काहींवर दोन पिनांचा जंपर. काहीच नसेल तर मुख्य वायर काढून सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटं बाहेर ठेवायची. मशीन सुरूच न झालं तर हाच परतीचा रस्ता.

मग सध्याची स्थिती नोंदवा. एचडब्ल्यूइन्फो (तापमान, व्होल्टेज दाखवणारा प्रोग्रॅम) सुरू ठेवून सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरला ताणून गुण देणारी चाचणी) दहा मिनिटं चालवा. गुण, सर्वाधिक तापमान, सगळे कोअर कामाला लागलेले असतानाचा वेग, व्होल्टेज आणि प्रोसेसरने घेतलेले वॅट, हे सगळं वहीत उतरवा. इथेच तापमान ९० अंशांच्या पुढे जात असेल (रायझन ७००० आणि ९००० ची गोष्ट वेगळी, ती पुढे येईल) तर आधी कूलर, थर्मल पेस्ट आणि केसमधली हवा बघा. काही मदरबोर्ड 'ऑटो'च्या नावाखाली इंटेलची वीजमर्यादा काढूनच ठेवतात. १४९००केची कमाल टर्बो मर्यादा २५३ वॅट आहे. त्याहून खूप जास्त दिसलं तर तुमचं मशीन आधीच ओव्हरक्लॉक झालेलं आहे असं समजा आणि ती मर्यादा परत लावून मगच मोजा.

## आधी रॅम

डीडीआर५ रॅमच्या पट्ट्या कुठल्याही बोर्डावर पहिल्यांदा सुरू होतात त्या सर्वसाधारण ठरलेल्या वेगाने, बऱ्याचदा ४८०० वर. तुम्ही ६०००ची जोडी घेतली असली तरी. तिचा खरा वेग पट्टीवरच्या एका छोट्या चिपमध्ये प्रोफाइल म्हणून साठवलेला असतो. इंटेलच्या पद्धतीचं नाव एक्सएमपी, एएमडीच्या पद्धतीचं एक्स्पो. काही बोर्डांवर डीओसीपी असं नाव दिसतं. ही सेटिंग हाताने चालू करावी लागते, आणि तिलाही ओव्हरक्लॉकिंगच म्हणतात.

किती फरक पडतो, हे एका छोट्या हिशेबाने कळतं. सीएलचा (प्रतिसादाआधी रॅम किती ठोके घेते त्याचा) आकडा गुणिले २०००, भागिले रॅमचा वेग, म्हणजे पहिला प्रतिसाद यायला लागणारे नॅनोसेकंद. ४८०० सीएल४० ला १६.७ नॅनोसेकंद लागतात, ६००० सीएल३० ला फक्त १०. डीडीआर४ मधल्या ३२०० सीएल१६ लाही १०च. म्हणून रॅम निवडताना नुसता वेग बघू नये. ६००० सीएल३६ म्हणजे १२ नॅनोसेकंद. आणखी एक गोंधळ टाळा: ६००० हा आकडा दर सेकंदाला होणाऱ्या, दहा-दहा लाखांत मोजलेल्या देवाणघेवाणींचा, म्हणजे मेगाट्रान्सफरचा आहे. एका ठोक्यात दोनदा देवाणघेवाण होते, म्हणून सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये तुम्हाला ३००० मेगाहर्ट्झ दिसेल. रॅम अर्ध्या वेगाने चालत नाहीये, ते बरोबरच आहे.

पट्ट्या दोन असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत असाव्यात (पुस्तिकेत ए२ आणि बी२). चार पट्ट्या लावल्या असतील तर मोठ्या वेगाची आशा सोडा. रायझन ७००० साठी एएमडीची अधिकृत मर्यादा दोन पट्ट्यांना ५२००, पण चार पट्ट्यांना ३६०० आहे. चार पट्ट्यांचा भार मेमरी कंट्रोलरवर (रॅमशी देवाणघेवाण करणाऱ्या भागावर) किती पडतो ते यावरून दिसतं. शिवाय हा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो. रॅम उत्तम असली तरी तुमच्या प्रोसेसरच्या कंट्रोलरला तो वेग झेपेलच असं नाही.

आता बायोसमध्ये जाऊन प्रोफाइल निवडा, व्होल्टेज बघा, जतन करा आणि बाहेर या. डीडीआर५चं मूळ व्होल्टेज १.१ असतं, प्रोफाइल लावल्यावर बहुधा १.२५ ते १.४ च्या दरम्यान जातं, डीडीआर४चं १.२ वरून १.३५ वर. रायझनवर एसओसी व्होल्टेज १.३ च्या आत आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मशीन पुन्हा सुरू होताना स्क्रीन काळी राहील, पंखे फिरत राहतील. डीडीआर५ बोर्ड नव्या वेगाला रॅम जुळवून बघत असतो आणि पहिल्या वेळी त्याला काही मिनिटंसुद्धा लागतात. घाबरून वीज बंद करू नका. चहा करून या, तोवर थांबा.

मशीन सुरू झालं तरी लगेच विंडोजमध्ये जाऊ नका. मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घालून त्यावरून मशीन सुरू करा आणि पूर्ण चार फेऱ्या होऊ द्या. कारण साधं आहे: रॅम चुका करत असेल तर विंडोज त्या चुका डिस्कवर लिहू शकतं. मेमटेस्ट८६ डिस्कला हात लावत नाही. त्यात एकही चूक दिसता कामा नये. 'हजारातून एखादी चालते' असं रॅमच्या बाबतीत काही नसतं.

मेमटेस्ट८६ पास झाल्यावर विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटीची मेमरी चाचणी काही तास चालवा, कारण या चाचण्या रॅमवर जास्त कडक भार टाकतात. सोबत एखादा जड गेम चालवून बघणं फायद्याचं ठरतं. ग्राफिक्स कार्ड गरम झालं की केसमधली हवा तापते आणि रॅमही. गार असताना पास होणारी पट्टी ५० अंशांच्या पुढे चुका करायला लागते, असं पुष्कळदा होतं. कारण रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विद्युतभार, आणि उष्णतेत तो लवकर गळतो.

डीडीआर५ मध्ये चिपच्या आतच एका बिटची चूक दुरुस्त करायची सोय आहे. ती उपयोगाची, पण ओव्हरक्लॉकरला फसवणारी. काठावरची अस्थिरता ती काही काळ झाकून ठेवते. म्हणून लांब चाचणी टाळू नका, आणि चाचणीत पास होऊनही गुण आधीपेक्षा कमी आले तर ते अस्थिरतेचंच लक्षण माना.

चाचणी नापास झाली तर क्रम असा ठेवा: आधी बायोस अद्ययावत आहे का बघा, मग टायमिंग (सीएलसारखे आकडे) तसेच ठेवून वेग एक पायरी खाली आणा, ६००० वरून ५८०० किंवा ५६००. मिळालेला ५८०० निमूट चालत असेल तर तो ६०००पेक्षा चांगला. रायझन ७००० आणि ९००० साठी ६००० हा सहसा गोड आकडा मानतात, कारण तिथपर्यंत मेमरी कंट्रोलर रॅमच्याच ठोक्यावर चालतो. त्याच्या बऱ्याच पुढे गेलात की बोर्ड कंट्रोलरचा वेग अर्धा करतो आणि मोठ्या आकड्याचा फायदा निघून जातो. रायझन ५००० आणि डीडीआर४ साठी तोच आकडा ३६००.

टीआरएफसी, टीआरईएफआय असल्या दुय्यम टायमिंगमध्ये खरा रस आहे आणि तिथे फायदाही मिळतो. पण पहिल्या प्रयत्नात तिकडे जाऊ नका. प्रोफाइल स्थिर ठरलं की बायोसमध्ये ते नाव देऊन जतन करा.

## मग प्रोसेसर

प्रोसेसरवर काम करताना रॅम परत तिच्या मूळ वेगावर आणा. नाहीतर मशीन बंद पडल्यावर दोष कुणाचा हे कधीच कळणार नाही.

प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर: १०० मेगाहर्ट्झ गुणिले ५२ म्हणजे ५.२ गिगाहर्ट्झ. बदलायचा तो फक्त मल्टिप्लायर. बेस क्लॉक १०० वरच राहू द्या. त्याच्याशी बोर्डावरच्या इतर गोष्टीही बांधलेल्या असू शकतात, अगदी डिस्कसुद्धा.

उष्णता कुठून येते हे समजलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. चिपची वीज साधारणपणे वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५.० वरून ५.२ वर जायला व्होल्टेज १.२५ वरून १.३५ करावं लागलं, तर वेग वाढला ४ टक्के आणि वीज जवळजवळ २१ टक्के. प्रत्येक चिपमध्ये एक जागा अशी येते की तिथून पुढच्या १०० मेगाहर्ट्झसाठी व्होल्टेज एकदम खूप लागू लागतं. ती जागा ओळखायची आणि तिच्या एक पाऊल मागे थांबायचं. एकाच मॉडेलच्या दोन चिपांत ही जागा वेगळी असते, त्यामुळे दुसऱ्याचे आकडे जसेच्या तसे उतरवू नका.

इंटेलच्या के प्रोसेसरवर पद्धत अशी. सगळे पी-कोअर (मोठे, वेगवान कोअर) कामाला असताना मूळ वेग समजा ४.५ गिगाहर्ट्झ आहे. मल्टिप्लायर ४७ करा. ई-कोअर (छोटे, कमी वीज घेणारे कोअर) आणि कॅशेचा वेग ऑटोवर सोडा. व्होल्टेज सुरुवातीला ठराविक ठेवा. मूळ स्थितीत जड भाराखाली जेवढं दिसत होतं तिथूनच सुरू करा. लोडलाइन कॅलिब्रेशन मधल्या पातळीवर ठेवा. भार आला की व्होल्टेज थोडं खाली जातं, ते या सेटिंगने सावरतं. पण सगळ्यात कडक पातळीवर ठेवलं तर भार अचानक सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळतं, आणि ती उसळी साध्या सॉफ्टवेअरला दिसतसुद्धा नाही. म्हणून कडक पातळी नको.

विंडोज सुरू झालं की सिनेबेंच दहा मिनिटं. चाललं तर मल्टिप्लायर एकने वाढवा. बंद पडलं तर व्होल्टेज ०.०१ ते ०.०२ने वाढवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदल वहीत लिहा. हवेच्या किंवा साध्या लिक्विड कूलरवर १.३५ व्होल्ट ही पहिल्या प्रयत्नाची हद्द धरा, आणि जड चाचणीत तापमान ९० अंशांच्या आत राहू द्या. बहुतेक इंटेल चिपा १०० अंशांना स्वतःच वेग कमी करतात. त्या कड्यावर रोज उभं राहण्यात काही हशील नाही. वेग पक्का झाल्यावर व्होल्टेज अ‍ॅडॅप्टिव्ह किंवा ऑफसेट प्रकारात बदला, म्हणजे मशीन नुसतं बसलेलं असताना ते आपोआप खाली येईल.

रायझनवर हा मार्ग मी कुणालाच सुचवत नाही. सगळे कोअर एका ठराविक वेगाला बांधले की एकेका कोअरची उंच उडी हातची जाते, आणि गेममध्ये बऱ्याचदा तीच कामाची असते. शिवाय हलक्या भाराला रायझन स्वतः १.४ व्होल्टच्या आसपास जाताना दिसतं. ते बघून तोच आकडा सगळ्या कोअरसाठी कायमचा लावणं धोक्याचं आहे, कारण तिथे प्रवाह अनेक पटींनी जास्त असतो.

त्याऐवजी पीबीओ चालू करा आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोअरना उणे १० द्या. ही सोय रायझन ५००० पासून पुढे आहे. एकेक अंक म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी. व्होल्टेज कमी झाल्याने उष्णता घटते, आणि वाचलेली जागा प्रोसेसर स्वतःच वेग वाढवायला वापरतो. म्हणजे मशीन गारही होतं आणि वेगवानही. पहिल्यांदा करणाऱ्याला याहून चांगला सौदा दुसरा कुठला नाही. उणे १० टिकलं तर उणे १५, मग उणे २०. तुमच्या चिपमधले सगळ्यात चांगले कोअर सहसा सगळ्यात कमी कपात सहन करतात, म्हणून शेवटी त्यांना वेगळा, सौम्य आकडा द्यावा लागतो. रायझन ७००० आणि ९००० पूर्ण भाराखाली ९५ अंशांना टेकले तर दचकू नका. बरेच मॉडेल तसेच बनवलेले आहेत.

कर्व्ह ऑप्टिमायझरची अस्थिरता जड भारात दिसत नाही. ती दिसते एकच कोअर जोरात धावताना, किंवा मशीन नुसतं बसलेलं असताना. रात्रभर प्राइम९५ सारखी जड चाचणी चालते, आणि सकाळी ब्राउझर उघडताना मशीन रीस्टार्ट होतं. यासाठी कोअरसायकलर वापरा. तो एकेका कोअरला पाळीपाळीने ताणतो आणि कुठला कोअर चुकला ते सांगतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'इफेक्टिव्ह क्लॉक'ही बघा. व्होल्टेज अपुरं पडलं की रायझन दाखवतो मोठा वेग आणि काम करतो कमी. आकडा चढला पण सिनेबेंचचे गुण उतरले, तर आकडा खोटा आणि गुण खरे.

शेवटची तपासणी इंटेल आणि एएमडी दोन्हींना सारखीच. प्राइम९५ किंवा ओसीसीटी एक तास, वाय-क्रंचर काही फेऱ्या, मग एक-दोन दिवस नेहमीचं काम. त्यानंतर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून सिस्टीम लॉगमध्ये 'डब्ल्यूएचईए-लॉगर' नावाची नोंद शोधा. मशीन एकदाही बंद पडलं नसलं तरी तिथे १९ क्रमांकाची नोंद सापडू शकते. म्हणजे हार्डवेअरने चूक केली आणि स्वतःच सावरली. अशी नोंद दिसली तर एक पायरी मागे या.

## दोन्ही एकत्र

आता प्रोसेसरची सेटिंग तशीच ठेवून रॅमचं जतन केलेलं प्रोफाइल चालू करा आणि चाचण्या पुन्हा पहिल्यापासून घ्या. कंटाळा येईल, पण ही फेरी गाळू नका. वेगवान रॅममुळे कंट्रोलर जास्त तापतो आणि प्रोसेसरच्या वाटची उष्णतेची जागा थोडी कमी होते, त्यामुळे वेगवेगळं स्थिर असलेलं एकत्र डळमळू शकतं. प्राइम९५ मधल्या 'ब्लेंड' चाचणीत दोन्हींवर भार पडतो, ती इथे उपयोगी. एकत्र डळमळलं तर आधी प्रोसेसर १०० मेगाहर्ट्झ खाली आणा किंवा कर्व्हची कपात पाचने कमी करा. रॅमचा फायदा राखण्यासारखा असतो.

लक्षणांवरून अंदाज बांधता येतो, खात्री नाही. मशीन सुरूच होत नसेल, स्क्रीनच येत नसेल, तर बहुधा रॅम. निळ्या स्क्रीनवर 'मेमरी मॅनेजमेंट' आलं तरी संशय रॅमवर. 'डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर' आली तर प्रोसेसरला व्होल्टेज कमी पडत असावं. गेम कसलाही संदेश न देता डेस्कटॉपवर येऊन पडत असेल तर दोघांपैकी कुणीही असू शकतं. तेव्हा एक मूळ स्थितीत नेऊन दुसरं तपासा.

सगळं जमल्यावर बायोसमधलं प्रोफाइल पेनड्राइव्हवरही जतन करा, आणि प्रत्येक आकडा कागदावर लिहा. पुढे बायोस अपडेट कराल तेव्हा सेटिंग पुसली जाईल, आणि जुन्या आवृत्तीत जतन केलेलं प्रोफाइल नवी आवृत्ती बऱ्याचदा उघडत नाही. तेव्हा कागदावरून आकडे परत भरा आणि मेमटेस्ट८६ पुन्हा एकदा चालवा, कारण नव्या बायोसमध्ये रॅम जुळवायची पद्धतही बदललेली असू शकते.